धुराची गाळणी

मुंबईहून नागपूरकडे जाणारा महामार्ग खानदेशांत वरणगावावरून जातो. भारत स्टेज सहाचा नियम १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाला आणि या वाटेवरील नव्या डिझेल मालमोटारींच्या धूर सोडणाऱ्या नळींत एक सच्छिद्र गाळणी आली. ती काजळी अडविते. पण अडविलेल्या काजळीचें पुढें काय होतें?

भरधाव गाडीच्या तप्त धुरांत ती जळून जाते. गर्दींत रखडणाऱ्या गाडीस तेवढी उष्णता लाभत नाहीं. काजळी सांचते आणि चालकापुढें दिवा लागतो. तेव्हां गाडी उभी करून, हातब्रेक लावून, त्यासाठींच ठेवलेली कळ दाबावयाची. इंजिनाचा वेग वाढतो, जादा डिझेल जळून गाळणीचें उष्णतामान सुमारें ६०० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढतें आणि काजळीचा वायु होऊन जातो. वंगणतेलाची राख मात्र चुलींतल्या राखेप्रमाणें मागें उरते. ती काढण्यास गाळणी कालांतरानें उतरवावीच लागते.

दिव्याकडे दुर्लक्ष केल्यास गाडीची शक्ति घटते. पण घाईहि घातक. बंद गोदामांत विषारी धूर कोंडतो, आणि वाळलें गवत किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या त्या उष्णतेनें पेट घेऊं शकतात. म्हणून कळ दाबण्यापूर्वीं मोकळी, स्वच्छ जमीन पाहावी.