टिबुकलीची भावकी

या, पण आवाज नको. येरवड्याच्या या काठावरच्या पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अलींचं नाव दिलंय. त्या जलपर्णीच्या पलीकडे बघा. काळी चोच, टोकाला पिवळी, मुळाशी दोन लाल ठिपके. दिसलं? ते हळदीकुंकू बदक.

आणि ते काळं, कपाळावर पांढरा टिळा असलेलं? तो वारकरी. बदकासारखाच तरंगतो, पण बदक नव्हे हो! थांबा, त्याला काठावर येऊ द्या. आला. आता पाय बघा. बदकाच्या पुढच्या तिन्ही बोटांमध्ये सलग पडदा असतो. याची बोटं सुटी आहेत, आणि प्रत्येक बोटाला पाकळ्यांसारख्या पाळ्या. पाय पुढे नेताना त्या मिटतात, पाणी मागे रेटताना पसरतात. हा पाणकोंबडीचा सख्खा आणि लांबून सारस, करकोच्यांचा नातलग. पाणकोंबडीही कोंबडी नव्हे, आणि तो पंख वाळवत बसलाय ना, तो पाणकावळा कावळा नव्हे. त्याची तर चारही बोटं पडद्याने जोडलेली. माणसाने नावं रूपावरून ठेवली. त्यात चूक नाही. नाव ओळखीसाठी असतं. भावकी मात्र वेगळी शोधावी लागते.

ती शोधणं सोपं नाही रे. आता ही इवलीशी टिबुकली घ्या. बोटांना पाळ्या वारकऱ्यासारख्या, पण ती त्याच्या घरातली नाही. पाय अगदी शेपटीजवळ, म्हणून बुडी मारण्यात पटाईत आणि जमिनीवर चालताना धडपडते. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली सगळ्या प्राण्यांची कुळं मांडली, तेव्हा टिबुकलीच्या जातभाईंना त्याने उत्तरेकडच्या लून नावाच्या पाणबुड्या पक्ष्यांच्या गटात बसवलं. त्यांचेही पाय तसेच मागे. पण एकच काम करणाऱ्यांची हत्यारं सारखी होतात, त्याने माणसं भाऊबंद ठरतात का? गवंडी आणि गवंडी भाऊच असतील असं नाही.

मग पक्ष्यांचे डीएनए ताडून पाहिले. २००१ साली निष्कर्ष आला, तो वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. टिबुकलीचा सर्वांत जवळचा नातलग कोण? रोहित! तोच, लांब पायांचा, गुलाबी पंखांचा. ही मूठभर, तो तुमच्याएवढा उंच. कुणाच्या स्वप्नात तरी आलं असतं? पुढे अंडी निरखली, तर दोघांच्याही कवचावर खडूसारखा पांढरा थर. ती खूण कधीची समोरच होती.

आणि गंमत ऐका. हे मुळा-मुठेचं पाणी पुढे भीमेला मिळतं, उजनीच्या जलाशयात जातं. तिथे भिगवणला हिवाळ्यात रोहितांचे थवे उतरतात. थंडीत नेतो तुम्हाला.

अरे, बुडाली बघा टिबुकली! आता कुठे वर येईल? बोट दाखवून ठेवा.