जुनी आलिशान मोटार घ्यावी काय?

शेतकरी बंधूंनो, अलीकडे गांवोगांवीं एक नवी हौस दिसूं लागली आहे. भूसंपादनाचा मोबदला हातीं आला, किंवा एखादे वर्षीं द्राक्ष-डाळिंबास चांगला भाव मिळाला, कीं घरांतील कर्त्या मुलाचें लक्ष शहरांतील जुन्या मोटारींच्या बाजाराकडे वळतें. पूर्वीं दारीं खिलारी जोडी असावी असें वाटे; आतां तेथें ऑडी, मर्सिडीझ किंवा रेंज रोव्हर उभी असावी असें वाटतें. ‘एसयूव्ही’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या मोठ्या गाड्या आठ-दहा वर्षांच्या झाल्या म्हणजे नव्या साध्या मोटारीच्या मोलानें मिळूं लागतात. हा सौदा कितपत हिताचा, याचा विचार येथें करूं.

प्रथम सुखाची बाजू. आम्ही हौसेस नांवें ठेवणारांपैकीं नाहीं. शेतकऱ्यानें जन्मभर चिखल तुडवावा व चांगल्या गाडींत बसूं नये, असा कोठें नियम नाहीं. रेंज रोव्हर १९७० सालीं निघाली, तीच मुळीं रानांत व शहरांत दोहोंकडे चालावी म्हणून. १९९२ पासून तिच्यांत हवेच्या फुग्यांवर गाडी तोलून धरणारी रचना आली. तीस एअर सस्पेन्शन म्हणतात. कळ दाबली कीं गाडीचें अंग चार बोटें वर उचलतें आणि पांदीचे धोंडे खालीं राहतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्यें पुरा खुला झाला. अशा लांबच्या वाटेवर वृद्ध आईबापांस अशा गाडींतून नेतां त्यांच्या अंगास शीण कमी होतो. शिवाय नव्या गाडीच्या किंमतीत पहिल्या वर्षांत जी मोठी घसरण होते, ती पहिल्या मालकानें सोसलेली असते. हा लाभ खराच आहे.

परंतु मर्म येथेंच आहे. गाडीची किंमत उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. बैल म्हातारा झाला म्हणून त्याची वैरण अर्ध्या मोलानें मिळत नाहीं, तसेंच हें होय. पंधरा लाखांस घेतलेल्या गाडीस जो भाग बसवावयाचा, तो कोटीच्या गाडीचा असतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

वर सांगितलेले हवेचे फुगे रबराचे असतात. वयोमानानें त्यांस भेगा पडतात, हवा झिरपते, आणि ती भरून काढतां काढतां हवा दाबणारा पंपही थकतो. म्हणून गाडी रात्रभर सपाट जागीं उभी करून सकाळीं पाहावी. एखादा कोपरा खालीं बसला असेल तर सावध व्हावें. गोठ्याशेजारीं गाडी ठेवल्यास उंदीर तारांचें वेष्टण कुरतडतात, आणि या गाड्यांत तारांचें जाळें फार.

चारी चाकांस जोर असला म्हणजे काळ्या रानांत गाडी फसत नाहीं, ही समजूत चुकीची आहे. सडकेसाठीं केलेल्या रुंद टायरांच्या खांचा चिखलानें भरल्या कीं चारी चाकें जागींच फिरतात. टायराचें वय त्याच्या अंगावरील चार आंकड्यांवरून कळतें. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

डिझेल गाडींत काजळी धरणारी गाळणी असेल, तर ती लांब पल्ल्यावर तापून स्वच्छ होते. घर ते मळा एवढ्याच खेपा केल्यास ती तुंबते. एप्रिल २०२० नंतरच्या अनेक डिझेल गाड्यांत युरियाच्या द्रावणाची निराळी टांकी असते. त्यांत ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया व बाकी निर्मळ पाणी असतें. खताचा निंबोळी-लेपित युरिया विरघळवून त्यांत ओतूं नये. मोठी महाग यंत्रणा त्यानें निकामी होते.

आतां कागदपत्रांविषयीं. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्ही हेंच पाहिलें कीं, सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना न वाचतां जमीन घेणारा पुढें कचेरीच्या पायऱ्या झिजवितो. मोटारीचेंही तसेंच. नोंदणीपत्रावर कर्जाचा बोजा असेल तर नमुना ३५ भरून तो आधीं उतरवून घ्यावा. नमुना २९ व ३० हा मोटारीचा फेरफार समजावा. तो झाल्याविना व्यवहार पुरा मानूं नये. विमा चौदा दिवसांच्या आंत आपल्या नांवें करण्याविषयीं कंपनीस कळवावें.

दिल्लीकडील स्वस्त गाडीविषयीं विशेष सांगणें आहे. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस तेथें राष्ट्रीय हरित लवादानें २०१५ मध्यें बंदी केली व सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें ती कायम केली. २०२५ मध्यें कांहीं सवलत मिळाली. पण तोंवर तिकडील पुष्कळ गाड्या परप्रांतीं विकल्या गेल्या. अशी गाडी घेतां नमुना २८ चा ना-हरकत दाखला, येथील नवा क्रमांक आणि येथील कर, एवढें सारें किंमतींत मिळवून मगच ती स्वस्त कीं महाग हें ठरवावें.

तात्पर्य, आमचा सल्ला असा. कंपनीच्या दुरुस्तीचा अखंड लेखा असल्याविना गाडी घेऊं नये. किलोमीटरचा आंकडा मागें फिरवितां येतो, लेखा सहसा फिरत नाहीं. घेण्यापूर्वीं जाणत्या कारागिराकडून यंत्राद्वारें तपासणी करवावी. किंमतीचा निदान पांचवा हिस्सा दुरुस्तीसाठीं बाजूस ठेवावा. पीककर्जाचा किंवा जमिनीच्या मोबदल्याचा पैसा यांत घालूं नये. मोबदला हा गेलेल्या जमिनीचा मोल आहे. त्यांतून दुसरी जमीन, विहीर वा ठिबक झालें तर तो पुढील पिढीस पोसतो, आणि मोटार झाली तर आपणच तिला पोसावें लागतें.

शेवटीं एकच कसोटी सांगतों. गारपिटीनें एक हंगाम हातचा गेला, आणि त्याच महिन्यांत गाडीचा दोन लाखांचा खर्च निघाला, तर बी-भरणास हात न लावतां तो भागवितां येईल काय? येत असेल त्यानें गाडी अवश्य घ्यावी व सुखानें वापरावी. येत नसेल त्यानें साधी, गांवच्या कारागिरास उमजणारी गाडी घ्यावी. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.