गोदाकाठचे मत्स्यालय

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. बांधकामाला सुमारे ८ लाख रुपये लागले. त्यातले २ लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांनी दिले, बाकीचा भार सरकारने उचलला. पुढे कित्येक पिढ्यांच्या शाळकरी सहली राणीची बाग आणि हे मत्स्यालय पाहून परतल्या. नांदेड-लातूरच्या मुलांनाही काचेपलीकडचा जिवंत मासा पाहायचा तर रात्रभराचा प्रवास करून तिथेच जावे लागे.

या वास्तूची पुढची कहाणी सार्वजनिक पैशाविषयी बरेच शिकवते. दीर्घ नूतनीकरणानंतर मार्च २०१५ मध्ये ती नव्या रूपात खुली झाली. डोक्यावरून मासे फिरताना दिसावेत म्हणून पारदर्शक ॲक्रिलिकचा बोगदा बांधला होता. काही वर्षे गर्दी लोटली. मग कोरोनाची टाळेबंदी आली, पाठोपाठ इमारत धोकादायक असल्याचे निष्कर्ष आले आणि दारे बंदच राहिली. दर्शनी भागावर कोट्यवधी खर्च झाले, पण पायाचे दुखणे तसेच राहिले. मराठवाड्यात सार्वजनिक पैशातून मत्स्यालय उभारण्याचा विचार व्हायचा असेल, तर त्याची सुरुवात या अनुभवापासून व्हायला हवी.

उद्घाटनानंतरचा खर्च

प्राण्यांच्या प्रदर्शनात बांधकामाचा खर्च एकदाच होतो, सांभाळण्याचा रोज होतो. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले आणि मार्च २०१७ मध्ये लोकांसाठी दालन उघडले. उद्यानाचे तिकीट-उत्पन्न वाढले हे खरे. मात्र २०२१ मध्ये तीन वर्षांच्या देखभालीसाठी सुमारे १५ कोटींची निविदा निघाली आणि मोठा राजकीय वाद पेटला. मुंबई महापालिकेच्या तिजोरीला असा खर्च झेपतो. मराठवाड्यातल्या महापालिकांना तो आधीच मोजून पाहावा लागेल.

मत्स्यालयात हा खर्च नजरेआड होत असतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा असतो. गाळणीतले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही जिवाणूंची वसाहत रुजायला काही आठवडे जातात, म्हणून उद्घाटनाची तारीख गाठायला घाईने मासे सोडले की ते मरतात. पंप चोवीस तास चालावे लागतात. वीज गेली तर भरलेल्या टाकीतला प्राणवायू झपाट्याने घटतो, तेव्हा आपोआप सुरू होणारा जनरेटर ही पहिली गरज ठरते. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणाऱ्या नांदेडमध्ये पाणी थंड ठेवण्याचे बिल वेगळेच.

लातूरचा हिशेब

लातूरमध्ये यापुढचा प्रश्न येतो तो पाण्याचा. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले, पाणवठ्यांवर जमावबंदी लावावी लागली आणि ११ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे निघाली. आता मत्स्यालयातली एक मोठी टाकी धरू: २० मीटर लांब, १० मीटर रुंद, अडीच मीटर खोल. तिच्यात ५०० घनमीटर, म्हणजे ५ लाख लिटर पाणी मावते. त्या पहिल्या रेल्वेने आणले तेवढेच. लातूरकरांसमोर कोणताही आराखडा ठेवताना हा आकडा लपवता येणार नाही.

यावर उत्तर आहे. गाळून पुन्हा वापरण्याच्या पद्धतीत टाकी एकदा भरली की बाष्पीभवनाची तूट आणि अधूनमधून बदलावे लागणारे थोडे पाणी एवढीच गरज उरते. पण पाणी खारे की गोडे, यावर पुढचे सारे ठरते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ५ लाख लिटरसाठी साडेसतरा टन क्षार विकत आणून विरघळवावे लागतील. बदललेले खारे पाणी ना झाडांना चालते, ना नाल्यात सोडता येते. गोड्या पाण्याच्या टाकीतून निघालेले पाणी मात्र नायट्रेटमुळे बागेला खतासारखे उपयोगी पडते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, दुष्काळी पट्ट्यात सार्वजनिक पैशातून शार्कची टाकी बांधणे मला अन्यायाचे वाटते. नदीचे मत्स्यालय इथे शोभेल आणि टिकेलही.

नदीची गोष्ट सांगणारी इमारत

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात चॅटनूगा हे समुद्रापासून दूरचे, मध्यम आकाराचे, उद्योग ओसरलेले शहर आहे. तिथे १९९२ मध्ये सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चून, मुख्यतः खासगी देणग्यांतून, नदीकाठी मत्स्यालय उभे राहिले. त्याची रचना अशी की प्रेक्षक आधी सर्वांत वरच्या मजल्यावर जातो आणि डोंगरातल्या झऱ्यापासून नदीबरोबर खाली उतरत समुद्रापर्यंत पोहोचतो. आपल्याच नदीकडे शहराने नव्याने पाहिले आणि ओसाड नदीकाठ जागा झाला. डेन्व्हरही समुद्रापासून दूरचेच. तिथे १९९९ मध्ये सुमारे ९.३ कोटी डॉलरचे मत्स्यालय उघडले, पण कर्जाचा बोजा पेलवेना म्हणून २००२ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्या वर्षी ते रेस्टॉरंट चालवणाऱ्या एका कंपनीला मूळ खर्चाच्या लहानशा हिश्श्यात विकले गेले. नदीची दालने तिथेही होती. बुडवले ते कर्जाने.

आपल्याकडे सांगण्यासारखी गोष्ट याहून मोठी आहे. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी पैठणला नाथसागरात थांबते, नांदेडजवळ विष्णुपुरीच्या बंधाऱ्यात अडते आणि धर्माबाद तालुक्यात बाभळी बंधाऱ्याच्या दारांशी येते. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात निघालेली मांजरा लातूरकरांची तहान भागवत कर्नाटक-तेलंगणात फिरून शेवटी गोदेलाच मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. पुराच्या पाण्यावर अनेक मासे अंडी घालायला वरच्या अंगाला चढतात, तोही काळ नेमका पावसाळ्याचा. दोन राज्यांच्या पाणीवाटपातली ही तारीख माशांच्या प्रवासाशी जोडून दाखवणारे एक दालन मुलांना नागरिकशास्त्र आणि जीवशास्त्र एकत्र शिकवेल.

त्यात मरळ असावी, चिखलात दडणारी वाम असावी, मिशाळ शिंगटी आणि मोठ्या खवल्यांचा महाशीर असावा. रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले, मत्स्यबीज सोडून इथे रुजवलेले, हेही सांगावे. चिलापीने स्थानिक माशांची जागा कशी बळकावली आणि थाई मांगूरच्या पालनावर बंदी का घालावी लागली, हे टाळू नये. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याचा मान आहेच, पण गोदेच्या माशांना निदान त्यांच्या काठावर तरी ओळख मिळावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शहराचे सांडपाणी मिसळलेल्या नदीच्या पाण्याचा ताजा तपासणी अहवाल रोज दाराशी लावावा.

कोणाचा पैसा, कोणाचे ज्ञान

यासाठी लागणारे ज्ञान बाहेरून आणावे लागणार नाही. लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. कोणता मासा कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात मिळतो, हे भोई समाजातल्या जाणत्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांना सल्लागार म्हणून मानधन द्यावे, आणि टाकी सांभाळण्याच्या नोकऱ्यांत त्यांच्या शिकलेल्या मुलामुलींचा विचार आधी व्हावा.

पैशाचे मार्गही आहेत. जिल्हा वार्षिक योजना आहे, मत्स्यव्यवसाय विभाग आहे. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने केंद्राच्या निधीतून नांदेडचे रस्ते आणि घाट सुधारले. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला येणारा यात्रेकरू त्या घाटांवर आजही येतो. पण कोणत्याही योजनेतून पहिला रुपया काढण्याआधी तीन कागद लोकांसमोर यावेत: वीस वर्षांच्या देखभालीचा खर्च आणि तो कोण देणार याची हमी, दुष्काळी वर्षातला पाण्याचा आराखडा, आणि दर पाच वर्षांनी इमारतीची तपासणी बंधनकारक करणारा ठराव. बाल्टिमोरच्या नागरिकांनी १९७६ मध्ये मतदान करून मत्स्यालयाच्या कर्जरोख्यांना मान्यता दिली, मगच ते १९८१ मध्ये उघडले. आपल्याकडे निदान प्रभागसभांतून आणि महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत ही चर्चा उघडपणे व्हावी.

हे तीन कागद तयार होत नसतील तर भूमिपूजन करू नये, तो पैसा नदीत जाणारे नाले अडवण्यावर खर्च करावा. ते तयार झाले तर मात्र कचरू नये. मराठवाड्यातल्या मुलांना पाणी टँकरच्या रांगेत आणि रेल्वेच्या वाघिणीत भेटले आहे. ते पाणी जिवंत असते, त्यात आपल्याच नदीचे रहिवासी राहतात, हे पाहण्याचा त्यांचा हक्क मुंबईच्या मुलांइतकाच आहे.