जुना एसएमपीएस घ्यावा का?

पावसाळ्याच्या तोंडावर मंडळाच्या ग्रंथालयातला संगणक बंद पडला. बटण दाबले की पंखा एकदा गर्रकन फिरे आणि थांबे. दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटांत निदान केले, एसएमपीएस गेला. तोडगाही त्यानेच सुचवला. त्याच्याकडे एक जुना पण चालू एसएमपीएस होता, सहाशे रुपयांत बसवून देतो म्हणाला. नवा चांगला घ्यायचा तर तीन हजारांच्या आसपास. झाले, कार्यकारिणीत दोन तट पडले. पैसा वर्गणीचा, तेव्हा खजिनदारांचा कौल सहाशेला होता. पण त्या संगणकात सगळ्या पुस्तकांची नोंद आणि देवघेवीचा हिशेब होता, आणि त्याची दुसरी प्रत शेवटची कधी काढली हे कोणालाच आठवेना.

तेव्हा आम्ही घाई न करता चौकशी केली. सभासदांच्या घरीही हा प्रसंग येतोच, म्हणून कळले ते इथे देत आहोत.

एसएमपीएस म्हणजे डब्याच्या मागच्या बाजूला बसवलेली पत्र्याची पेटी. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेचे ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करते आणि मदरबोर्डपासून हार्ड डिस्कपर्यंत सगळ्यांना पुरवते. जुनी रॅम घेतली आणि ती बिघडली तर संगणक अडखळेल, फार तर रॅमचे पैसे जातील. एसएमपीएस वाईट तऱ्हेने गेला तर मदरबोर्ड आणि डिस्कही सोबत नेऊ शकतो. जुन्या वस्तू घेण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही, ग्रंथालयातली निम्मी कपाटे जुनीच आहेत. पण कपाट मोडले तर आतली पुस्तके जळत नाहीत.

ही पेटी थकते ती आतल्या कपॅसिटरमुळे. त्यांत एक द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे. हैदराबादचा मे महिना, बंद खोली आणि पंख्यावर साचलेली धूळ यांत पाच वर्षे काढलेला एसएमपीएस बाहेरून चकचकीत दिसला तरी आतून किती उरला आहे, हे सांगता येत नाही. उघडून बघू म्हणाल तर मुळीच नको. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब काही काळ शिल्लक राहू शकतो.

दुकानदार एक युक्ती दाखवतो. मोठ्या जोडणीतली हिरवी तार काळ्या तारेला जोडतो, पंखा फिरतो, आणि तो म्हणतो, बघा, चालू आहे. यातून इतकेच कळते की तो सुरू होतो. ओझे पडल्यावर काय होते ते कळत नाही. संगणकाला लावून, जड काम चालू असताना मल्टिमीटरने मोजले तर १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ च्या आत आकडा हवा. तो आत असला तरी आजच्यापुरती खात्री, पुढच्या वर्षाची नाही.

लेबलही नीट वाचावे. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट आणि खाली १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर असेल, तर त्या बाजूला १६८ वॉटच मिळतात. आताचे संगणक बहुतेक वीज याच बाजूने ओढतात.

मग जुना कधीच घेऊ नये का? तसे नाही. नावाजलेल्या कंपन्या चांगल्या एसएमपीएसवर पाच, सात, काहींवर दहा वर्षांची वॉरंटी देतात. ओळखीतल्या कोणाचा दोन वर्षांचा असेल, बिल असेल आणि वॉरंटी नव्या मालकालाही मिळते हे कंपनीकडून पक्के झाले असेल, तर जरूर घ्या. सुट्या तारांचा प्रकार असेल तर त्याच्याच तारा मागून घ्या. दुसऱ्या कंपनीच्या तारा खोबणीत बसतात, पण आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि डिस्क जळते ती इथे. ऑफिसांतून निघालेल्या काही ब्रँडेड संगणकांचे मात्र वेगळे आहे. त्यांचा आकार आणि जोडणी निराळी असल्याने बाजारातला नवा बसतच नाही. तिथे त्याच मॉडेलचा जुना घेण्यावाचून कधी कधी इलाज नसतो.

आमच्यासमोरच्या सहाशेच्या पेटीला बिल नव्हते, आणि ती कुठून आली हे दुरुस्तीवाल्यालाही सांगता येईना. तेवढ्यावर निर्णय झाला. आधी डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर सगळी नोंद उतरवली, मग सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून, म्हणजे आपल्या नेहमीच्या सीटीसीतून, नवा आणला. बिल मंडळाच्या नावे घेतले.

खजिनदार अजून म्हणतात, तो सहाशेचाही चालला असता. चाललाही असता. नोंदीची प्रत आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेन ड्राइव्हवर घेतो, आणि तो पेन ड्राइव्ह त्यांच्याच कपाटात असतो.