आठ हजार नंबरचं पोर्ट

इंटरनेट रेडिओच्या बऱ्याच जुन्या पत्त्यांच्या शेपटीला ८००० हा आकडा दिसतो. तिथे बहुधा आईसकास्ट हा सर्व्हर किंवा त्याचा थोरला भाऊ शाउटकास्ट काम करत असतो. विनअँप बनवणाऱ्या नलसॉफ्टने शाउटकास्ट आणलं. ते फुकट होतं, पण त्याचा सोर्स कोड बंद होता. म्हणून 1999च्या सुमारास आईसकास्ट उभं राहिलं. हा मुक्त सर्व्हर आजही झिफ या संस्थेच्या छत्राखाली आहे, आणि कॉलेजच्या हौशी स्टेशनपासून मोठ्या केंद्रांपर्यंत अनेक ठिकाणी तो मुकाट्याने चालतो.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. स्टुडिओतला एन्कोडर एकच प्रवाह पाठवतो आणि सर्व्हर तो दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाटतो. ऐकणारा आल्याबरोबर साधारण 64 केबीचा साठा त्याच्या हातात एकदम पडतो. 128 केबीपीएसच्या स्टेशनला हा चारेक सेकंदांचा आवाज झाला, म्हणून गाणं चटकन सुरू होतं. त्याची किंमत अशी की तुम्ही कायम काही सेकंद मागे असता. ऑनलाइन कॉमेंट्री ऐकताना विकेट पडल्याची आरोळी शेजारच्या घरातून आधी येते ती यामुळेच. ही तक्रार घेऊन कुणाकडे जाऊ नये. तो बिघाड नाही.

खरा बिघाड शोधायचा तर सुरुवात पत्त्यापासून करावी. 'पीएलएस' किंवा 'एमथ्रीयू' फाइल म्हणजे रेडिओ नव्हे, नुसती चिठ्ठी. नोटपॅडमध्ये उघडा, आत (पीएलएसमध्ये 'फाइल१'पुढे) खरा पत्ता दिसेल. तो व्हीएलसीत 'ओपन नेटवर्क स्ट्रीम'मध्ये टाका. तिथे वाजला तर सर्व्हर ठणठणीत आहे, दोष तुमच्या ॲपचा किंवा ब्राउझरचा. ब्राउझरचं दुखणं बहुतेकदा एकच असतं: पान एचटीटीपीएसवर आणि स्ट्रीम साध्या एचटीटीपीवर. ब्राउझर असा आवाज सरळ अडवतो, आणि ऐकणारा बिचारा स्पीकरच्या वायरी तपासत बसतो. जुन्या शाउटकास्टची तऱ्हा आणखी न्यारी. ब्राउझर दिसला की तो गाण्याऐवजी माहितीचं पान पुढे करतो. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आणि अर्धविराम जोडला की मुकाट वाजू लागतो.

मला यात सर्वांत मजेशीर वाटतो तो गाण्याच्या नावाचा मामला. नाव वेगळ्या वाटेने येत नाही, आवाजाच्या पोटातच खुपसलेलं असतं. प्लेअरने मागितलं तर आईसकास्ट दर 16,000 बाइटनंतर नावाचा छोटा तुकडा घालतं. 128 केबीपीएसला हे अंतर बरोबर एक सेकंदाचं. प्लेअरने किंवा रेकॉर्डरने नाव मागितलं आणि तो तुकडा वेगळा काढलाच नाही, तर तोही आवाज समजून वाजवला जातो. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये ठरावीक अंतराने टिकटिक ऐकू आली तर माइकला दोष देऊ नका. मराठी गाण्यांच्या नावांची खिचडी होते तिचं मूळही जवळच आहे. एमपीथ्री स्ट्रीमसाठी आईसकास्ट मुळात युरोपीय अक्षरांचा जुना संच धरून चालतं. माउंटच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या त्या प्रवाहाच्या, सेटिंगमध्ये कॅरेक्टर सेट 'यूटीएफ-८' केला की देवनागरी सुखरूप पोचते. ही एक ओळ न लिहिल्यामुळे कितीतरी स्टेशनांवर लताबाईंचं नाव प्रश्नचिन्हांत वाचावं लागतं.

स्टेशन चालवणाऱ्यांनी राखीव प्रवाहाकडेही बघावं. स्टुडिओची वीज गेली की ऐकणाऱ्यांना दुसऱ्या माउंटवर वळवण्याची सोय आईसकास्टमध्ये आहे. पण मुख्य प्रवाह एएसी आणि राखीव एमपीथ्री असेल, तर अनेक प्लेअर तिथेच गप्प होतात. दोन्हींचा फॉरमॅट आणि सॅम्पल रेट एकच ठेवावा.

मोठी केंद्रं आता एचएलएसकडे वळली आहेत. ॲपलने 2009 मध्ये आणलेल्या या पद्धतीत आवाजाचे तुकडे साध्या वेब फाइलींसारखे येतात, नेट मंदावलं तर हलक्या दर्जावर उतरताही येतं. बीबीसीने 2023 मध्ये आपले शाउटकास्ट प्रवाह बंद केले, तेव्हा घरोघरचे अनेक धडधाकट इंटरनेट रेडिओ त्या स्टेशनांपुरते मुके झाले. सोय मोठी खरी, पण जुन्या यंत्रांवर अन्याय झाला, असंच माझं मत.

एखादं स्टेशन वाजेनासं झालं तर स्टेशनवाल्यांना नुसतं 'रेडिओ बंद आहे' असं कळवू नका. पूर्ण पत्ता, वेळ, प्लेअरचं नाव आणि तोच पत्ता व्हीएलसीत वाजतो की नाही, एवढं लिहा.