काळ्या घोड्याचा फूटपाथ

मुंबईला हिवाळा असतो का, असं पुण्या-नाशिकचे मित्र मला नेहमी चिडवतात. मी त्यांना म्हणतो, डिसेंबरात एकदा काळ्या घोड्याला या. स्वेटर राहू द्या, कॅमेरा घेऊन या.

घोड्यावर स्वार असलेला राजाचा पुतळा १९६५ साली इथून हलवला आणि भायखळ्याच्या राणीबागेत नेला. पुढं पन्नासहून अधिक वर्षं घोडा नव्हता, तरी नाव टिकलं. २०१७ साली नवा घोडा आला, तो बिनस्वाराचा. याच भागात १९५२ साली उघडलेलं जहांगीर कलादालन आहे. आत प्रदर्शनाची तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. बाहेरच्या फूटपाथवर मात्र चित्रं टांगलेली असतात आणि समोर बसवून तुमचा चेहरा काढून देणारेही भेटतात. पावसाळ्यात कागद सादळतो, गिऱ्हाईकही फिरकत नाही. गेटवे आणि वस्तुसंग्रहालय बघून पर्यटकांचे घोळके इकडं वळतात ते थंडीत. या मंडळींची वर्षाची कमाई प्रामुख्यानं त्याच तीन-चार महिन्यांची.

फोटोलाही हेच दिवस चांगले. मेच्या मध्यावर मुंबईत दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. डिसेंबरअखेर तोच सूर्य भर दुपारीही अठ्ठेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो. ऊन तिरकं येतं, गालावर उतरतं. सकाळी कलादालनाच्या बाजूला सावली असते. त्या मऊ उजेडात चेहरे छान येतात. दुपार कलली की समोरून झाडांच्या पानांतून ऊन झिरपतं, तेव्हा कवडसे सांभाळावे लागतात. नाहीतर चित्रकाराच्या नाकावर एक पांढरा डाग आणि बाकी सगळा अंधार!

नवशिक्याची हमखास होणारी चूक कागदाची. पांढराशुभ्र कागद समोर असला की कॅमेऱ्याला वाटतं, उजेड फार झाला. तो सगळंच काळपट करून टाकतो. म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवून घ्यावं. आणि लांबून, मोठ्या लेन्सनं टिपू नये. शिकाऱ्यासारखं दिसतं ते. विचारावं, जवळ जावं, खाली बसावं, म्हणजे कॅमेरा चित्रकाराच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो. तो समोरच्या माणसाकडं बघतो, हात कागदावर थबकतो, तो क्षण. आमच्या घरी भिंतीवर माणसाची तसबीर नसे, त्यामुळं असेल कदाचित, कोऱ्या कागदावर नाकडोळे उमटताना मी अजून खुळ्यासारखा बघत राहतो. अरुण कोलटकर याच परिसरात, वेसाईड इनमध्ये वर्षानुवर्षं बसत. इथल्या माणसांवरचा त्यांचा इंग्रजी कवितासंग्रह २००४ साली आला. कॅमेरा नसतानाही किती बघता येतं!

मी सुरुवातीला चुकलोच. एका तरुणाचं पावसातल्या ट्रामचं जलरंगातलं चित्र मला फार आवडलं. समोर उभा राहिलो आणि चौकटीत नीट बसवून फोटो घेतला. तो शांतपणे म्हणाला, ‘‘काका, घेतलंत ना चित्र? पैसे तेवढे राहिले.’’

मी ओशाळलो. माझी एक गझल कुणीतरी शुभेच्छापत्रावर नावाशिवाय छापली होती, तेव्हा मी चार दिवस धुसफुसत होतो. इथं मी वेगळं काय केलं होतं?

घरी येऊन कायदा वाचला. १९५७च्या प्रताधिकार कायद्यानुसार सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो घ्यायला मोकळीक आहे. म्हणजे नव्या घोड्याचे हवे तितके घ्या. पण सकाळी टांगलेलं आणि संध्याकाळी उतरवलेलं चित्र या सवलतीत येत नाही. तुम्ही ते विकत घेतलंत तरी कागद तेवढा तुमचा होतो. प्रती काढण्याचा हक्क चित्रकार लेखी देत नाही तोवर त्याच्याकडंच राहतो. गंमत अशी, की पैसे देऊन तुम्ही स्वतःचा चेहरा काढून घेतलात, तर वेगळा करार नसल्यास त्या चित्राचा हक्क मात्र तुमचा.

तेव्हापासून मी नुसतं चित्र टिपत नाही. बाजूनं, तिरकं घेतो. चित्रकाराची काळवंडलेली बोटं, रंगाचा डबा, वाकलेली मान त्यात येईल असं. चित्राची नक्कल होत नाही आणि फोटोही जिवंत होतो. ते ट्रामचं चित्र मी पुढच्या रविवारी विकत घेतलं. घासाघीस केली नाही.

जानेवारीत त्याच तरुणाला त्याच्याच फोटोची छापील प्रत नेऊन दिली. त्यानं ती कठड्याच्या टोकाला चिमट्यानं लावली. थोड्या वेळानं एका पर्यटकानं तिचाही भाव विचारला.

‘‘त्यांना विचारा,’’ माझ्याकडं बोट करून तो म्हणाला, ‘‘काम त्यांचं आहे.’’