भिलाईच्या गल्लीतला वेताळ

दिवाळी अंकांत दर दोन-तीन वर्षांनी एक लेख हमखास असतो. त्यात कॉमिक्समधला वेताळ येतो, चांदोबा येतो, रविवार सकाळचे रामायण येते आणि शेवटी आजच्या मुलांच्या हातातल्या फोनकडे पाहून एक उसासा येतो. आवड पिढीगणिक घसरत चालली आहे, हे अशा लेखांचे गृहीतक. ते मला पटत नाही. न पटण्याचे कारण पुण्यात बसून नीट दिसत नाही, कारण तिथे घरची आणि बाहेरची भाषा बरीचशी एकच. मुलाने एखादी गोष्ट आजीकडून उचलली की शेजारच्या पोराकडून, हे वेगळे काढता येत नाही. भिलाईच्या स्मृती नगरसारख्या वसाहतीत ते आपोआप वेगळे निघते. तिथल्या मराठी घरात वरणभात, गणपती, आरत्या सगळे मराठीत चालते आणि फाटकाबाहेर पाऊल टाकले की हिंदी सुरू होते. मुलांच्या तोंडी असलेले नायक कुठल्या बाजूचे आहेत हे पाहिले, की लोकप्रिय गोष्टींची आवड गल्लीत ठरते आणि घर तिला फार तर परवानगी देते, असे म्हणावे लागते.

भिलाई हे गाव मुळातच सरमिसळीचे. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली आणि पोलाद कारखान्याबरोबर देशभरातली माणसे इथे आली. मराठी माणूस मात्र त्याआधीपासून या मुलखात होता. भिलाईचा दुर्ग जिल्हा 1956 पर्यंत ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेत विदर्भ एकीकडे गेला, छत्तीसगड दुसरीकडे. दुर्गहून नागपूर रेल्वेने अडीचशेहून थोडे अधिक किलोमीटर, म्हणजे मराठी पुस्तक किंवा मासिक हवेच असेल तर फार लांब नव्हते. तरीही कारखान्याच्या सेक्टरांमध्ये, आणि पुढे सेक्टरांबाहेर जुनवानीच्या बाजूला वाढलेल्या स्मृती नगरसारख्या वसाहतींत, शेजारी तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी आणि छत्तीसगढ़ी असताना खेळाची भाषा एकच असू शकत होती.

कॉमिक्सचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. टाइम्स समूहाने 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. ली फॉकचा वेताळ त्यातून घरोघर पोहोचला; मूळ गोष्टीतले ‘बंगाला’ हे नाव बंगालशी गल्लत नको म्हणून इथे ‘डेंकाली’ झाले. इंद्रजाल मराठीतही निघत असे. पण कॉमिक्स ही एकट्याने वाचून संपणारी वस्तू कधीच नव्हती. ती बदलून घ्यायची, भाड्याने आणायची, तिच्यातली दृश्ये मैदानात करून दाखवायची वस्तू होती. बदलून घ्यायची तर समोरच्याला वाचता आली पाहिजे, म्हणून हिंदी शेजारात हिंदी अंकच चलनात राहणार. 1976 मध्ये आबिद सुरतींनी याच मालिकेत बहादूर आणला, डाकूंशी लढणारा देशी नायक. पुढे ऐंशीच्या दशकात राज कॉमिक्सचा नागराज (1986) आणि सुपर कमांडो ध्रुव आले, प्राण यांचे चाचा चौधरी होतेच, आणि हिंदी पट्ट्यात भाड्याच्या कॉमिक्सचा धंदा दुकानादुकानांत फोफावला. यातली एक गंमत मराठी लेखांतून सहसा निसटते. नागराजला पहिल्या अंकात रूप देणारे मुख्य चित्रकार पुण्याचे प्रताप मुळीक, ज्यांनी अमर चित्र कथेसाठीही कितीतरी अंक रंगवले. त्या मालेतला ‘कृष्ण’ काढणारे राम वाईरकरही मराठीच. हिंदी गल्लीत फिरणारा नायक अनेकदा मराठी हातून उतरलेला होता आणि भिलाईतले मराठी घर त्याला ‘हिंदी कॉमिक्स’ म्हणून नाक मुरडत होते.

गल्लीचे बळ किती, हे दूरदर्शनने आणखी ठसठशीत केले. आजची मुले जपानी कार्टूनच्या नादी लागली अशी तक्रार करणाऱ्या पिढीने स्वतः 1993 मध्ये मोगली पाहिला होता. तो जपानी स्टुडिओतला होता, हिंदीत डब केलेला होता आणि त्यातल्या शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा होता. तेव्हा कुणाला ते परके वाटले नाही, कारण रविवारी सकाळी सगळी वसाहत एकाच वेळी तेच पाहत होती. परकेपणा कथेच्या जन्मस्थानावर अवलंबून नसतो, सोबत कोण पाहते यावर असतो. महाभारताचेही तसेच. महाभारत गाऊन सांगणाऱ्या भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई, ज्यांना पुढे पोलाद कारखान्यातच नोकरी मिळाली, हातातल्या तंबुऱ्याची कधी भीमाची गदा करत, कधी आणखी काही. त्याच परिसरात 1988 पासून चोप्रांचे महाभारत टीव्हीवर आले आणि अमर चित्र कथेचे अंकही होते. तीन वाटा, एकच कथा. कुणाला कोणती वाट आवडली हे ठरताना कलेचा दर्जा शेवटी आला; आधी आली ती शेजारच्या घरातली टीव्हीची खोली.

यावर पहिला आक्षेप असा की हे मराठीपण गमावल्याचे गोड समर्थन आहे. गमावणे होते, नाकारण्यात अर्थ नाही. पण याच भूमीत माधवराव सप्रे या मराठी माणसाने 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढले आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले. भिलाईजवळच्या राजनांदगावात 1958 पासून प्राध्यापकी करणारे गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहीत होते, तर त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत. एकाच घरातले दोन भाऊ, दोन भाषा. घरची भाषा लिहिण्याची भाषाही ठरवत नसेल तर मुलाच्या आवडत्या नायकाची कशी ठरवेल? मराठी कुटुंबे अल्पसंख्य म्हणून असे झाले, असेही म्हणता येत नाही. छत्तीसगढ़ी तर तिथे बहुसंख्यांची घरची भाषा. तिच्यातला पहिला चित्रपट ‘कहि देबे संदेस’ 1965 चा, दुसरा ‘घर द्वार’ 1971 चा, आणि खऱ्या अर्थाने गर्दी खेचणारा सतीश जैन यांचा ‘मोर छइंहा भुइंया’ आला 2000 च्या ऑक्टोबरात, छत्तीसगड राज्य जन्मायच्या काही दिवस आधी. लक्षावधी घरांत बोलली जाणारी भाषा पडद्यावर आपली गर्दी जमवायला पस्तीस वर्षे थांबली. त्या काळात गल्ली हिंदीच पाहत होती.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. आता गल्लीच कुठे राहिली? फोन प्रत्येकाच्या हातात आणि त्यावरची शिफारस प्रत्येकाला वेगळी. हे अर्धे खरे आहे. पत्त्यावर बांधलेली गल्ली सैल झाली, पण तिच्या जागी वयावर बांधलेली आली. 2025 च्या सप्टेंबरात ‘डेमन स्लेयर’चा जपानी चित्रपट हिंदीसह अनेक भाषांत लागला तेव्हा थिएटरात शाळा-कॉलेजातली मुले टोळ्यांनी गेली, एकट्याने पाहायची गोष्ट असती तर घरी थांबली असती. नवीन असे इतकेच की या टोळीत मोठ्यांना प्रवेश नाही. मोगली बाप-लेक एकत्र पाहत, त्यामुळे बापाला तो कळत असे. आजच्या बापाचा उसासा दर्जासाठी कमी आणि बाहेर राहावे लागल्यासाठी जास्त आहे, असा माझा संशय आहे. दिवाळी अंकांचेही तेच आहे म्हणा: आपण ते वर्गणी भरून घरात आणतो, गल्लीत सोडत नाही, आणि मग मुले वाचत नाहीत म्हणून परिसंवाद भरवतो.

माझ्या मुद्द्याला अडचणीचे एक उदाहरण आहे, ‘सैराट’. 2016 मध्ये तो महाराष्ट्राबाहेरही मराठीतच, इंग्रजी उपशीर्षकांसह, पोहोचला. इथे घरची भाषा जिंकली असे वाटते. पण त्याची वाट अजय-अतुलच्या गाण्यांनी आधीच करून ठेवली होती, आणि मराठी न येणारी मुलेही ती वाजवत होती. ‘छावा’चे उदाहरण उलट दिशेचे. शिवाजी सावंतांची कादंबरी 1979 ची, मराठी वाचकाच्या कपाटातली; 2025 मध्ये तिच्यावरचा चित्रपट आला तो हिंदीत, आणि संभाजीराजांचे नाव हिंदी मुलुखातल्या ज्या मुलांनी कधी ऐकले नव्हते तीही त्यावर बोलू लागली. चित्रपट कादंबरीपेक्षा पुष्कळ भडक आहे, पण गल्लीत तोच शिरला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू 1991 मध्ये ‘सकाळ’मधून सुरू झाला आणि मराठी घरांना हसवत आला, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्याहून जुना, दोघांवर चित्रपटही निघाले. दोघांचीही खरी ओळख मराठी घरापुरतीच राहिली. ते चांगल्या हिंदीत, स्वस्त अंकांत, जुनवानी रस्त्यावरच्या एखाद्या स्टेशनरीच्या दुकानात टांगलेले दिसले असते, तर स्मृती नगरातल्या मराठी मुलाला आपल्या घरचा नायक शेजारच्या तेलुगू मित्राकडून मागून आणावा लागला असता.